नाटकात औषधाची ट्रायल दाखवायची आहे: वॉर्ड, गोळी, रक्त, डिप्रेशन. कितपत खरं?

आयर्विन_पूल (सांगली)

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, पण काम अडलंय.

आमच्या हौशी संस्थेने दोन अंकी नवी संहिता हातात घेतली आहे. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, भावे नाट्यमंदिरात पहिला प्रयोग करायचा बेत आहे. १८४३ साली ज्या गावात ‘सीता स्वयंवर’ झालं त्या गावात, त्याच तारखेला कच्चा माल उभा केला तर लोक मध्यंतरात विंगेत येऊन ऐकवतात. म्हणून आधीच विचारून घेतो.

पात्रं चार. मुकुंद आणि शर्वरी हे नैराश्यावरच्या नव्या गोळीच्या ट्रायलमध्ये सहा आठवडे वॉर्डात दाखल. डॉ. इनामदार (बाई) ट्रायलच्या प्रमुख. चौथा औषध कंपनीचा माणूस. दोघं प्रेमात पडतात. हे प्रेम गोळीचं की त्यांचं स्वतःचं, यावर पहिला अंक संपतो. दुसऱ्या अंकात कळतं की दोघांपैकी एकाला नुसती साखरेची गोळी चालू होती, आणि बाई कपाटातली फाईल काढून ते नाव सांगतात.

अडलेले मुद्दे:

१. वॉर्डातला दिवस कसा जातो? सध्या संहितेत लोक पलंगावर पडून गप्पा मारतात, बास.
२. गोळीने प्रेमात पडल्यासारखं वाटू शकतं का?
३. डॉक्टर डिप्रेशन ‘मोजतात’ तो प्रवेश कसा लिहायचा?
४. साखरेची गोळी कुणाला हे डॉक्टरला माहीत असतं का?
५. कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी), रक्ताच्या नळ्या, लाईट याबद्दल काहीही.

---

जांभळं_टोपण

आधी एक गोष्ट ठरवा, बाकीचं आपोआप सुटेल: तुमची दोघं धडधाकट आहेत की पेशंट?

संहितेत दोन वेगळ्या ट्रायलची भेळ झाली आहे. माणसं कोंडून ठेवणं, घड्याळ लावून रक्त काढणं, मोबाईल जमा करून घेणं हे सगळं फेज वनमधलं, म्हणजे नवं औषध माणसांवर तपासण्याच्या पहिल्या टप्प्यातलं. तिथे निरोगी माणसं लागतात, साधारण २० ते ८०. औषध लागू पडतं का हा तिथला प्रश्नच नसतो. अंगाला किती झेपतं आणि रक्तात किती वेळ राहतं, एवढंच बघायचं असतं. डिप्रेशनचे पेशंट येतात ते दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात, आणि ते बहुतेक करून ओपीडीत येऊन-जाऊन असतात. गोळ्या घरी नेतात, कामावर जातात. नुसत्या गोळीसाठी पेशंट सहा आठवडे वॉर्डात ठेवलेले दिसले की डॉक्टर प्रेक्षकाचा विश्वास उडाला. आणि मिरज शेजारी असताना तुमच्या पहिल्या तीन रांगांत डॉक्टर नसतील असं होणार नाही.

निरोगी ठेवलीत तर फेज वनचा दिवस असा:

आदल्या संध्याकाळी चेक-इन. पिशवी उघडून तपासणी (तंबाखूची पुडी, घरची औषधं, खाऊ, सगळं बाहेर). श्वासातून दारूची, लघवीतून नशेच्या पदार्थांची तपासणी. बायकांची प्रेग्नन्सी टेस्ट. मनगटाला पट्टी आणि त्यावर नंबर. इथून पुढे कागदोपत्री नाव नाही, नंबरच. बायका-पुरुषांची झोपायची सोय वेगळी. रात्रीच्या जेवणानंतर निदान १० तास उपाशी. पहाटे कॅन्युला.

सकाळी ८ ला पहिल्याला गोळी. दुसऱ्याला ८ वाजून २ मिनिटांनी, तिसऱ्याला ८ वाजून ४ मिनिटांनी. सगळ्यांना एकदम देत नाहीत, कारण रक्तही तेवढ्याच अंतराने काढायचं असतं आणि हात मोजके. पाणी मोजून २४० मिली. मग टॉर्च मारून तोंड तपासतात: जीभ वर, गाल बाजूला, गोळी दडवली नाही ना. डोसच्या आधी-नंतर एक-एक तास पाणी बंद, नंतर चार तास अन्न बंद. पहिले काही तास आडवं व्हायला मनाई, टेकून बसायचं. म्हणजे तुमची ‘पलंगावर पडून गप्पा’ तिथेच कटाप.

रक्त डोसआधी एकदा, मग अर्धा, एक, दीड, दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, चोवीस तासांनी. दर वेळी ४-५ मिली, जांभळ्या टोपणाच्या नळीत. लगेच सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवणारं यंत्र), वरचा पिवळसर भाग वेगळा, तो डीप फ्रीझरमध्ये.

यात नाटकाला काय मिळतं ते बघा. भिंतीवर मोठं डिजिटल घड्याळ. सात आणि आठ नंबर दिवसभर शेजारी-शेजारी, कायम दोन मिनिटांच्या अंतराने. तिच्या हातातून रक्त काढताना तो बघतोय, कारण पुढचा नंबर त्याचाच. याहून जवळीक कुठली लिहिणार?

पण अगदीच नवा रेणू पहिल्यांदा माणसाला देताना दोन मिनिटांचं अंतर चालत नाही. १३ मार्च २००६ ला लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये सहा निरोगी तरुणांना टीजीएन१४१२ हे औषध साधारण दहा-दहा मिनिटांच्या अंतराने दिलं. पहिल्याला त्रास सुरू होईपर्यंत बाकीच्यांना देऊन झालं होतं. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. आता आधी एक-दोघांनाच देतात, वाट बघतात, मग पुढचे. कंपनीचा माणूस ‘सगळ्यांना आजच उरकू’ म्हणतो आणि बाई अडवतात, असा प्रवेश लिहिलात तर त्यात दम असेल. आणि रेणू भारतातच शोधलेला आहे हे कुठेतरी एका वाक्यात टाका. बाहेरच्या औषधाची फेज वन आधी बाहेर झालेली लागते.

मानसिक आजार होऊन गेलेला माणूस फेज वनच्या स्क्रीनिंगलाच बाद होतो. शर्वरीने जुनं डिप्रेशन लपवून सही केली असेल, तर मात्र तुमच्या कथेला कळ सापडली.

---

कंदीपेढा (सातारा)

गोळी आणि प्रेम याबद्दल.

डिप्रेशनवरच्या नेहमीच्या एसएसआरआय गोळ्या (फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे) निरोगी माणसाला आनंदी करत नाहीत. पेशंटलाही पहिल्या आठवड्यात मिळतं ते मळमळ, डोकं दुखणं, झोपेचा विचका, कधीकधी उगाच जीव घाबरा. बरं वाटायला दोन ते चार आठवडे, पुरतं कळायला सहा-आठ. शिवाय या गोळ्यांचा ठरलेला दुष्परिणाम म्हणजे कामेच्छा कमी होणं. काहींना तर सुखदुःख दोन्ही बोथट झाल्यासारखं वाटतं. तुमच्या लेखकाने नेमकं उलटं लिहिलंय. चौथ्या दिवशी मुकुंद गाणं म्हणायला लागला तर डॉक्टरने सरळ म्हणावं, ‘हे गोळीचं नाही, एवढ्यात होत नाही.’

डोपामाइन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारं औषध दाखवलंत (खऱ्यातलं जवळचं उदाहरण ब्युप्रोपिऑन, ते डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन दोन्हींवर चालतं) तर संशयाला जागा राहते. तरीही ‘डोपामाइन वाढलं म्हणून प्रेम झालं’ हे वाक्य कंपनीच्या माणसाच्या तोंडी द्या, डॉक्टरच्या नको. तसंच ‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं म्हणजे डिप्रेशन’ हे आता कुणी जाणता डॉक्टर एवढं सोपं करून सांगत नाही. गोळीचा उपयोग होतो, तो नेमका का होतो हे अजून पुरतं उलगडलेलं नाही.

जुना धागा हवा असेल तर हा: १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर क्षयाच्या पेशंटना इप्रोनियाझिड देत होते. मरायला टेकलेली माणसं हसायला-बोलायला, भूक लागली म्हणायला लागली. डिप्रेशनवरच्या गोळ्यांची सुरुवात तिथून. सांगली-मिरज रस्त्यावरचं वानलेसवाडी हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या डॉ. वानलेसांनीही क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम काढलं होतं. सांगलीच्या प्रेक्षकाला ती जोडणी सांगावी लागणार नाही.

मोजण्याचा प्रवेश. हॅमिल्टन स्केल (१९६०) वापरा. १७ बाबी, कमाल गुण ५२, सातपर्यंत ठीक. डॉक्टर प्रश्नपत्रिका वाचत नाही. वीस-तीस मिनिटं बोलता-बोलता टिपून घेतो, आणि काही गुण पेशंटच्या शब्दांना नाही तर त्याच्या हालचालीला, बोलण्याच्या गतीला देतो. विचारणं कायम ‘मागच्या आठवडाभरात’ असं. आणि पेशंट ‘मी निराश आहे’ म्हणत नाही हो. तो म्हणतो, कशात राम वाटत नाही, अंगात कण नाही, डोकं जड, छातीत धडधडतं, तीनला जाग येते ती येतेच. हे शब्द टाका, ‘उदासीनता’ काढा.

आता गंमत बघा. त्या १७ बाबींत काय-काय आहे: झोपेच्या तीन, भूक, वजन, कामातला रस, कामेच्छा. नव्याने प्रेमात पडलेल्या माणसाचे यातले निम्मे गुण प्रेमानेच खाली येतील! म्हणजे आकडा २४ वरून ११ वर आला, निम्म्याहून खाली गेला, तर ट्रायलच्या हिशोबाने हा ‘प्रतिसाद’. पण तो गोळीचा, साखरेच्या गोळीचा, की बाकावर शेजारी बसणाऱ्या बाईचा, हे कागद सांगू शकत नाही. डिप्रेशनच्या ट्रायलमध्ये साखरेच्या गोळीवरही साधारण तिघांत एकाला, कधी थोडं जास्तच, असा फरक पडतो. तुमचं अख्खं नाटक त्या एका आकड्यात आहे. म्हणून माझं मत पेशंटच ठेवा, निरोगी नकोत.

अभिनयाबद्दल थोडं. रडणं कमी करा. खरं डिप्रेशन दिसतं ते उत्तराआधीच्या थांबण्यात. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला दोन-तीन सेकंद जातात, मग ‘हो’ येतं, आवाज वाक्याच्या शेवटी पडतो. समोरचा नट ती जागा भरायला धावतो, तिथे फसतं. तालमीत त्याला मनात तीन मोजायला लावा. बऱ्याच पेशंटना सकाळ वाईट, संध्याकाळ बरी. प्रवेशांच्या वेळा त्याप्रमाणे लावता येतील.

आणि सुधारताना आधी अंगातली ताकद परत येते, मन मागून. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या पेशंटकडे, डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात ते आत्महत्येच्या विचारांचा धोका असतो म्हणून. घरचे ‘आता बरा दिसतोय’ म्हणतात तेव्हा बाई खूश दाखवू नका, सावध दाखवा.

---

आयर्विन_पूल

डोळे उघडले. पेशंट ठेवायचं ठरलं. पण मग वॉर्ड गेला, दोघं भेटणार कुठे? आणि फाईल काढून नाव सांगणं?

---

जांभळं_टोपण

वेटिंगच्या बाकावर. आठ आठवड्यांच्या ट्रायलला भेटी साधारण अशा: आठवडा ०, १, २, ४, ६, ८. प्रत्येक भेटीला दोन-तीन दिवस मागेपुढे चालतं. म्हणजे दोघं एकाच दिवशी यायलाच हवीत असं नाही. पहिल्या दोन भेटी योगायोगाने, तिसरीला त्यानं तारीख मुद्दाम बदलून घेतली, चौथीला तीसुद्धा बदलते आणि चुकामूक होते. हे तुम्हाला फुकटात मिळालं.

बाकावर बोलतील काय? दुष्परिणाम. ‘तुझं तोंड कोरडं पडतं का?’ ‘नाही. तुझं?’ इतकं निरागस बोलणं, पण ट्रायलसाठी घातक. ज्याला काहीच होत नाही तो मनात म्हणतो, मला साखरेचीच दिसतेय. असा अंदाज बांधला की त्याची पुढची उत्तरं बदलतात. ट्रायलचं रोजचं काम बघणारा समन्वयक म्हणूनच पेशंटना आपसात तुलना करू नका असं सांगतो. तुमचा प्रेमप्रवेश हाच.

गोळ्यांची मोजणी विसरू नका. १४ दिवसांसाठी १८ गोळ्या देतात, रिकामी पाकिटं आणि उरलेल्या परत घेतात. चार परत आल्या तर सगळं बरोबर. सहापर्यंत चालतं. सात आल्या म्हणजे अकराच घेतल्या, ८० टक्क्यांच्या खाली, लगेच विचारणा. समन्वयक टेबलावर गोळ्या मोजतोय, पाच, सहा, सात... प्रेक्षकाला आधी सहाची मर्यादा कळलेली असली की संवादाची गरज नाही.

संमतीचा प्रवेश पहिल्या पाच मिनिटांत घ्या. आपल्याकडे २०१९ च्या नियमांप्रमाणे त्या फॉर्मवर पेशंटचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं लिहावं लागतं. नॉमिनी कशाला? ट्रायलमुळे मृत्यू आला तर भरपाई कुणाला द्यायची म्हणून. माणूस बेकार किंवा हलाखीचा असेल आणि औषध नवा रेणू असेल तर संमतीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं. मुकुंदची नोकरी गेलेली ठेवा, कॅमेरा लावा, आणि ‘नॉमिनी?’ या प्रश्नाला कंदीपेढांचे तीन सेकंद.

आता फाईल. कपाटात तशी फाईल नसतेच. कोण कुठल्या गटात हे डॉक्टर, पेशंट, समन्वयक कुणालाच माहीत नसतं. बाटलीवर फक्त किट नंबर. पेशंटच्या जिवावर बेतलं आणि उपचार ठरवायला कळणं भागच असेल, तर प्रमुख डॉक्टर संगणकात शिरून त्या एकाच पेशंटचा कोड उघडू शकतो. कुणी, कधी, का, सगळी नोंद राहते. कोड उघडला की त्या पेशंटच्या गोळ्या सहसा तिथेच थांबतात. गंभीर घटना २४ तासांच्या आत कंपनी, एथिक्स कमिटी आणि केंद्रीय औषध नियंत्रकांकडे कळवायची. म्हणजे बाईंनी दया येऊन नाव सांगणं हे नियमाचं उल्लंघन आहे, आणि तसंच ते नाटकात दिसायला हवं. सांगितल्यावर बाईंचं काय होतं, तो प्रवेश संहितेत नाही.

---

भडंग

संगणकात पासवर्ड टाकणारी बाई रंगमंचावर काय दिसणार कपाळ? बंद लिफाफा फाडण्यात नाट्य आहे.

---

जांभळं_टोपण

लिफाफे असायचे, काही ठिकाणी अजूनही असतात. प्रत्येक पेशंटचा वेगळा, सीलबंद, सहीसाठी जागा असलेला. ट्रायल संपल्यावर न फाडलेले लिफाफे मोजून परत जातात. तेव्हा लिफाफा चालेल, पण काळ जपा. कथा २००५ ची केलीत तर संमतीचा कॅमेरा नको, तो २०१३ नंतरचा. सीटीआरआय (ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणीचा उल्लेखही नको, ती सक्ती जून २००९ पासून.

---

विंगेतला

मुद्दा ५. फेज वन गेली तरी स्क्रीनिंगला रक्त आणि एखादा कॅन्युला राहील असं धरून सांगतो.

कॅन्युला मेडिकलमध्ये मिळतो, गुलाबी (२० नंबर) घ्या, लांबून रंग दिसतो. सुई पूर्ण ओढून काढा आणि आधी जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका. विंगेत उघडी सुई नको म्हणजे नको. उरलेली मऊ नळी पंखांपासून कात्रीने कापून टाका. पंखांखाली दुहेरी चिकटपट्टी, वरून मायक्रोपोर. लाईटखाली घाम येतो आणि दुसऱ्या अंकात ते लोंबायला लागतं. म्हणून आधी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं, मनगटावर केस असतील तर तेवढी जागा साफ. कोपराच्या घडीत लावू नका, हात वाकवला की निघतो.

रक्त: ग्लिसरीन आणि पाणी समसमान, लाल खाण्याचा रंग, चिमूटभर कोको. शिरेतलं रक्त काळपट असतं, कुंकवासारखं लाल केलंत की हळदी-कुंकू. साखरेचा पाक नको, नळीला चिकटतो आणि मुंग्या येतात. भरलेल्या नळ्या ट्रेमध्ये गॉजखाली. नर्स पाठ करून वाकते, रिकामी खाली, भरलेली वर. वर काढली की सात-आठ वेळा हळूच उलटीसुलटी करायची, जोरात हलवायची नाही. एवढ्या एका हालचालीने नटी खरी नर्स वाटते.

गोळी म्हणून शून्य नंबरची रिकामी कॅप्सूल, आत ग्लुकोज. खऱ्या औषधाच्या पट्ट्या प्रॉपर्टीत ठेवू नका, रिकाम्यासुद्धा.

लाईट: दवाखाना म्हणून सगळीकडून सारखा थंड पांढरा मारतात, मग चेहरे सपाट आणि निळे पडतात. वरून थंड ठेवा, समोरून एका बाजूने उबदार तिसरा हिस्सा. स्वस्त एलईडी ‘पार’ दिवे १० टक्क्यांच्या खाली झटक्याने विझतात, तेव्हा शेवटचा फेड जुन्या हॅलोजनवर घ्या. मॉनिटरचं बीप-बीप तर काढूनच टाका, ओपीडीत मॉनिटर नसतो. पंख्याचा आवाज आणि आतून ‘पुढचे’ अशी हाक पुरते. सहा भेटींना सहा ब्लॅकआऊट करू नका. बाक तोच, समन्वयकाने ‘आठवडा चार’ म्हणून रजिस्टरचं पान उलटायचं.

---

कंदीपेढा (सातारा)

दोन राहिलं. हॅमिल्टनची तिसरी बाब आत्महत्येच्या विचारांची. तिथे ‘हो’ आलं की मुलाखत तिथेच थांबते, पेशंटला एकटं सोडत नाहीत, त्याच दिवशी धोक्याची तपासणी, घरच्यांना बोलावणं. प्रवेश पुढे ढकलून सोमवारी बघू म्हणता येत नाही. उपाय किंवा साधन संवादात नको. पहिल्या घोषणेत मोबाईल बंद करा म्हणताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबरही सांगा.

आणि कंपनीच्या माणसाचं ‘प्रयत्न केला तर पोलीस केस होईल’ हे वाक्य तसंच ठेवायचं तर बाईंना खोडू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम.

---

आयर्विन_पूल

लिफाफा, २००५, कॅमेरा नाही. आठवड्यांच्या पाट्या गेल्या, रजिस्टर आलं. टेलिमानस २०२२ चं आहे, पण ते घोषणेत आहे, कथेत नाही, म्हणजे चालतंय. २०१७ चा कायदा मात्र २००५ च्या बाईंच्या तोंडी देता येणार नाही, तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम ३०९ जिवंत होतं. वाक्य ठेवतो, खोडणं काढतो. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाच्या सेन्सॉरकडे) जायच्या आधी डॉ. इनामदारांचा शेवटचा प्रवेश नव्याने लिहायला लेखकाला बसवलंय.